फ्लॉवरवरचा मोझॅक

फ्लॉवर मूळचं आपलं पीक नव्हे. 1822 साली त्याचं बी इंग्लंडहून सहारनपूरच्या बागेत आलं, असं सांगतात. कोबी हे नावसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेलं. पीक आलं, नाव आलं. रोगांची ओळख मात्र आमच्या बांधावर यायला फार वर्षं गेली.

अमेरिकेत 1921 साली सलगम आणि चिनी कोबीवरचा मोझॅक अभ्यासकांनी नोंदवला, 1937 साली फ्लॉवरवरचा. आमच्याकडं त्यानंतरही कित्येक वर्षं दोनच नावं चालायची. पान पिवळं पडलं तर केवडा, जळलं तर करपा. आमच्या चुलत्यांनी एका हंगामात फ्लॉवरवर सात फवारण्या केल्या. दुकानाची उधारी झाली अन् गड्डे लिंबाएवढेच राहिले. "औषधच भेसळीचं," असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

औषध खरंच असेल, पण ते बुरशीचं होतं. विषाणूवर फवारून बरं करणारं औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. म्हणून सगळा भार ओळखण्यावर.

घाण्या रोग पानाच्या कडेपासून आत शिरतो. इंग्रजी व्हीसारखा पिवळा डाग पडतो, शिरा काळ्या होतात. तो जिवाणूचा. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालची जुनी पानं शिरांमधून पिवळी होतात. विषाणू मात्र आधी कोवळ्या पानांत दिसतो. शिरा उजळतात, पानावर फिक्या-गडद हिरव्याची नक्षी उठते, पान आक्रसतं, झाड खुजं राहतं. कोबीवर कधी काळी वर्तुळंही पडतात. थंडीत नक्षी ठळक दिसते, ऊन वाढलं की फ्लॉवरवरची खूण दबते अन् माणूस फसतो.

हा रोग मावा पसरवतो. रोगी पानात सोंड खुपसून तो शेजारच्या झाडावर बसला की काही क्षणांत काम होतं. मावा मरेपर्यंत विषाणू पुढं गेलेला असतो. म्हणून रोपवाटिकेवर बारीक जाळी, बांधावरची रानमोहरी काढणं, अन् नक्षीचं झाड दिसताच उपटून गाडणं, एवढंच हातात राहतं.

आता आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या बायाच पान उजेडात धरून सांगतात, "दादा, ह्ये उपटायचं हाय." चुलत्यांच्या वेळी असं सांगणारं शिवारात कुणी नव्हतं.