वेग-वेळ-अंतराची वर्गसमीकरणे

अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. नाते इतके सरळ असूनही यावरची काही शाब्दिक उदाहरणे वर्गसमीकरणापर्यंत जातात. दोन वाहने समोरासमोर निघून कधी भेटतील, असे विचारले तर वेगांची बेरीज करून एकघाती समीकरणात काम भागते. पण अंतर तेच ठेवून दोघांना लागलेल्या वेळांतला फरक दिला, की अज्ञात वेग छेदात जातो. दोन्ही छेद काढून टाकताना ते एकमेकांशी गुणले जातात आणि अज्ञाताचा वर्ग तयार होतो.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर. हे अंतर सुमारे १२० किमी आहे. समजा, एसटीचा वेग मालट्रकपेक्षा ताशी २० किमी जास्त आहे आणि ती एक तास आधी पोहोचते. शिरूर-शिक्रापूरच्या गर्दीत कोणतेही वाहन एकाच वेगाने चालत नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र इथला वेग सरासरी आहे, म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, आणि त्याला वाटेतल्या चढउतारांची बाधा होत नाही. ट्रकचा वेग क्ष मानला तर १२०/क्ष − १२०/(क्ष + २०) = १, म्हणून क्ष² + २०क्ष − २४०० = ०. अवयव (क्ष − ४०)(क्ष + ६०). मुळे ४० आणि −६०.

‘वेग ऋण नसतो’ एवढे लिहून वर्गात −६० खोडले जाते. उत्तर बरोबर येते, पण समजण्यासारखे बरेच काही हातचे जाते. एसटीचा वेग ताशी ६० किमी आहे, म्हणजे खोडलेली संख्या तिचाच वेग, फक्त चिन्ह उलट. हा आकड्यांचा योगायोग नव्हे. मुळांची बेरीज −२० असल्याने एक मूळ ट्रकचा वेग असेल तर दुसरे त्यात २० मिळवून येणाऱ्या संख्येचे ऋण रूप असणारच, मग अंतर कितीही असो. −६० घालून पाहिले तर वेळा −२ आणि −३ तास येतात. फरक तोच एक तास, फक्त वाहनांच्या भूमिका बदललेल्या. परीक्षेत एवढा विचार करायला सवड नसते, हे मान्य. पण ताळा एका ओळीचा आहे.

शिवाय ‘ऋण ते टाका’ हा नियम अपुरा आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) वानरांच्या कळपाचे उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग, तेवढी वानरे गुहेत गेली, एक बाहेर दिसते. मुळे ५० आणि ५, दोन्ही धन. तरीही भास्कराचार्य ५ नाकारतात, कारण ५ चा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा केले तर −२ उरते.