कसुती अभ्रा

कसुती अभ्रा : उत्तर कर्नाटकातील कसुती या पारंपरिक भरतकामाने सजविलेला शोभेच्या उशीचा अभ्रा. ‘कसुती’ शब्दाची फोड कन्नडमध्ये ‘कै’ (हात) व ‘सुती’ (सुती धागा) अशी केली जाते. धारवाड परिसर हे या कलेचे प्रमुख केंद्र. पूर्वी हे काम मुख्यतः इरकली लुगड्यांवर होई. पुढे ते अभ्रे, पडदे यांवरही होऊ लागले.

गोपुर, रथ, नंदी, हत्ती, दीपमाळ, तुळशीवृंदावन ही नक्षी मंदिरांच्या वास्तुशिल्पाशी नाते सांगते. कापडावर नक्षी न छापता ताणाबाणा मोजून टाके घालतात. टाके उभे, आडवे व तिरपे जात असल्याने वळणे पायऱ्यांसारखी उमटतात. त्यामुळे गोपुराचे चढते मजले विशेष खुलून दिसतात. गवंती, मुर्गी, नेगी व मेंती हे चार मुख्य टाके होत. गवंतीत जाताना धावदोरा घालून परतताना मधल्या जागा भरतात; गाठ मारीत नाहीत. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मेंती हा फुलीचा टाका आहे. कसुतीला भौगोलिक मानांकन लाभले असून, दगडातील शिल्पवैभव घरगुती वापरात जपणारी ही मोलाची हस्तकला आहे.