कल्हईचीं भांडीं आणि दूध

मराठींत ‘कळकणें’ हें एक क्रियापद आहे. आजच्या तरुण गृहिणीस तें कदाचित् कोशांतच भेटेल. परंतु तिच्या आजीच्या घरीं तें नित्याचें होतें. ताक कळकलें, आमटी कळकली, कोशिंबीर कळकली. आंबट पदार्थ तांब्यापितळेच्या भांड्यांत राहिला, कीं त्याला हिरवट छटा येते, जीभ आवळून धरणारी एक विचित्र चव येते, आणि तो खाल्लाच तर पोट ढवळून निघतें. एवढा सगळा अनर्थ मराठी स्वयंपाकघरानें एका शब्दांत बांधून ठेविला होता.

त्या शब्दामागोमाग नियमही होते. दही मातीच्या गाडग्यांत किंवा दगडींत विरजावें; लोणचें चिनी मातीच्या बरणींत भरावें; चिंचेचा कोळ पितळेच्या वाटींत रात्रभर ठेवूं नये. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचा मिश्रधातु. आम्लाच्या संगतींत हे दोन्ही धातु विरघळूं लागतात. चिंच आणि मीठ लावून घांसलें, कीं काळवंडलेला तांब्या सोन्यासारखा लखलखतो, त्याचेंही कारण हेंच. जी चिंच भांडें उजळते, तीच आमटी बिघडविते. रसायनशास्त्राचें नांवही न ऐकलेल्या स्त्रियांनीं एकाच गुणाचा एके ठिकाणीं उपयोग करून घेतला आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यापासून अन्न राखलें, हें लहानसहान कौशल्य नव्हे.

परंतु चिंचगुळाची आमटी तर रोज पितळेच्याच पातेल्यांत शिजत असे. तें शक्य झालें कल्हईमुळें. हा शब्द अरबी-फारसींतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ कथील असाच आहे. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीसारख्या वस्त्यांत भांडीं घडत. त्यांना आंतून कथलाचा लेप देणारा कल्हईवाला मात्र दारोदार फिरे. अंगणाच्या कोपऱ्यांत तो लहानसा खड्डा खणी, त्यांत कोळसे पेटवी, भाता लावी आणि घांसून स्वच्छ केलेलें भांडें चिमट्यानें निखाऱ्यांवर फिरवी. भांडें पुरेसें तापलें, कीं नवसागराची चिमूट टाकावयाची. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नाक झोंबे. नवसागर तापल्यावर धातूवरचा गंज खाऊन टाकतो, म्हणूनच कथील त्या पृष्ठभागास चिकटतें. मग कथलाची कांडी टेंकवून तें वितळलेलें कथील कापसाच्या बोळ्यानें झरझर पसरावयाचें, आणि भांडें पाण्यांत बुडवावयाचें. चर्र आवाज होऊन तें रुप्यासारखें पांढरें बाहेर येई. हा खेळ पाहण्यास आळींतील मुलें शाळा बुडवीत, हें मास्तरांना ठाऊक असूनही पुष्कळदां क्षम्य ठरे!

हा लेप फार पातळ असतो. तो टिकविणें ही गृहिणीची जबाबदारी, आणि म्हणून स्वयंपाकघरांतील पुष्कळशा सूचना त्याच्याभोंवतीं जमल्या. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें. पाणी १०० अंशांवर उकळतें, तेव्हां आंत पाणी असेतोंवर लेपाला धोका नाहीं. कोरडें पातेलें चुलीवर राहिलें, तर मात्र कल्हई ओघळून तळाशीं गोळा होते. म्हणून पातेलें चढविण्याआधीं त्यांत पाणी घालावें. कढत तेल त्या मर्यादेच्या जवळ सहज पोंचतें. तेव्हां फोडणी लोखंडी पळींत करून वरून ओतावी, हें अधिक सुरक्षित. बाहेरून भांडें विटकरीनें घांसलें तरी चालेल. आंतून मात्र मऊ राख आणि नारळाची शेंडी. लेप देण्यासाठीं आणलेल्या कथलांत स्वस्त शिसें मिसळलेलें असूं शकतें, आणि शिसें हें उघड विष. शुद्ध कथलाची कांडी वाकवितांना कुरकुरते, शिसें निमूटपणें वाकतें आणि कागदावर काळी रेघ ओढतें. ही परीक्षा आजही उपयोगी पडेल.

येथवर घरगुती शहाणपणाची बाजू भक्कम दिसते. या शहाणपणास एक मोठें छिद्र होतें, तें दुधाच्या पातेल्याशीं.

दूध आंबट नाहीं. तें पितळेंत हिरवें होत नाहीं, ताकासारखें जिभेला झोंबत नाहीं. नियम जिभेनें घडविलेले होते. जिभेला जें खटकलें तेवढेंच त्यांत आलें. वास्तविक घरांतील कल्हई सर्वांत आधीं झिजावी ती याच पातेल्याची. तें दिवसांतून अनेकदां तापे, आणि तळाची खरवड काढण्यासाठीं दररोज खरवडलें जाई. आमटीच्या पातेल्याची कल्हई उडाली, तर त्याच दिवशीं पानावर बोभाटा होई. दुधाच्या पातेल्याचा तळ तांबूस दिसूं लागला, तरी तक्रार करणारें कोणी नव्हतें. जो तें दूध पीत होता, त्याला अद्याप बोलतां येत नव्हतें.

लहान मुलांना होणारा एक विशिष्ट यकृताचा विकार कलकत्त्याचे डॉ. सेन यांनीं १८८७ सालीं नोंदविला. पुढें भारताच्या अनेक भागांत तो आढळला आणि वैद्यकीय ग्रंथांत त्याला या देशाचेंच नांव मिळालें. बहुधा एक ते तीन वर्षांचें मूल. पोट फुगूं लागे, यकृत दगडासारखें घट्ट लागे, मग कावीळ, आणि कांहीं महिन्यांतच शेवट. गांवोगांवीं ‘लिव्हर वाढलें’ एवढेंच म्हणत. एकाच घरांत दोन-दोन, तीन-तीन मुलें जात. त्यामुळें कोणी तो दैवाचा कोप समजे, कोणी कुळाचा दोष. डॉक्टरांनींही आनुवंशिकता, आहार, विषारी द्रव्यें असे नाना तर्क केले. अशा घरांतील आईला काय काय ऐकून घ्यावें लागलें असेल, त्याची कल्पनाच करावी.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृतांत निरोगी मुलाच्या कित्येक पट तांबें सांठलेलें असतें, हें सिद्ध झालें. तें कोठून येतें, याचा शोध पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनीं इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत घेतला. त्यांनीं आजारी मुलांच्या आयांना विचारलें तें औषधांविषयीं नव्हे, तर वरच्या दुधाविषयीं: तें केव्हां सुरू केलें, कोणत्या भांड्यांत तापविलें, कशांत ठेविलें? १९८३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजारी मुलांना फार लवकर जनावराचें दूध सुरू झालें होतें, आणि तें तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेलें होतें. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन तांब्याला आपल्याशीं बांधून घेतें. मोठ्या माणसाचें यकृत जास्तीचें तांबें पित्तावाटे बाहेर टाकतें. तान्ह्या मुलाच्या यकृतास तें नीट साधत नाहीं. त्याच पातेल्यांतील दूध पिऊन आजोबा सुखरूप राहत आणि नातू दगावे, याचा उलगडा असा झाला. सगळींच मुलें आजारी पडत नसत, तेव्हां कांहीं अंशीं उपजत प्रवृत्तीही असावी. परंतु पुढें पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत तान्ह्या मुलांचें दूध पितळेंत तापवूं नये असें सांगत हिंडल्यावर हा आजार टाळतां येतो, हेंही दिसून आलें.

हा विकार केवळ भारतीयांचा, ही समजूतही टिकली नाहीं. ऑस्ट्रियाच्या टायरोल या डोंगराळ प्रांतांत १९०० ते १९७४ या काळांत अगदीं अशाच आजारानें १३८ बालकें गेल्याची नोंद १९९६ सालीं पुढें आली. तेथेंही गाईचें दूध तांब्याच्या भांड्यांत तापवीत.

इकडे पितळ घरांतून आधींच निघूं लागली होती. १८९८ सालीं मद्रासच्या कला विद्यालयांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं अॅल्युमिनियमचीं भांडीं करण्यास आरंभ केला होता. मग दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, कथील पुरविणारा मलाया जपानच्या हातीं गेला. परंतु खरा पालट केला तो स्टेनलेस स्टीलनें. त्याचा शोध शेफील्ड येथें १९१३ सालचा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तें रुळलें स्वातंत्र्यानंतर. नांवें आणि तिथी कोरलेलीं सासुरवाडचीं पातेलीं मोडीत गेलीं. त्या काळीं पुष्कळ वृद्धांना याचा विषाद वाटला, आणि तो खोटाही नव्हता. पण त्याच मोडीबरोबर तो बालरोगही ओसरला. १९९०च्या दशकांत तो दुर्मिळ झाला. ज्या घरांनीं केवळ घांसण्याचा त्रास वांचावा म्हणून स्टील घेतलें, त्यांना आपण काय वांचविलें हें कळलेंही नसेल.

अलीकडे शहरांतून पितळेचीं पातेलीं पुन्हां हौसेनें घेतलीं जात आहेत. त्यांतील पुष्कळ आंतूनही पिवळींच असतात, आणि कल्हईवाला आतां क्वचितच दारावर येतो. तेव्हां घेतांना आंत हात फिरवून पाहावें, पांढरा लेप नसेल तर आधीं कल्हई करवून घ्यावी, लेप विरळ होतांच पुन्हां करवावी. आणि तान्ह्या मुलाचें दूध, कल्हई असो वा नसो, स्टीलमध्येंच तापवावें.