परळी, बिलोली, रामगुंडम : धुराची पैसेवारी

आजचा धागा धुराच्या इतिहासाचा आहे आणि त्याचे ठिकाण नांदेड जिल्ह्यातील बिलोली.

नकाशा उघडून पाहा. पश्चिमेस परळी वैजनाथ, पूर्वेस रामगुंडम, मध्ये बिलोली. तिन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर. परळीत १९७१ पासून कोळशावर वीज होऊ लागली, रामगुंडमलाही कोळशावरच वीज होते. बिलोलीहून परळी सुमारे सव्वाशे किलोमीटर, रामगुंडम सुमारे एकशे ऐंशी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा हा मुलूख नांदेडमधून आंध्र प्रदेशात गेला आणि बिलोली राज्याच्या सीमेवर आली. ही हद्द दप्तरांना लागू झाली, वाऱ्याला नाही. पावसाळ्यात वारा परळीच्या दिशेने येतो, हिवाळ्यात बहुधा पूर्वेकडून.

मग कोणत्या धुराड्याने किती ओकले, हे ठरवायचे कोणी?

जुनी रीत कागदी. किती टन कोळसा जळला, त्यात गंधक किती, एका टनामागे वायू किती. गुणाकार केला की आकडा तयार. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली गोम लगेच कळेल : कोळशाचा मूळ आकडा देणारा बहुधा धूर सोडणाराच असतो. त्याला ताडून पाहण्यासाठी दुसरा साक्षीदार हवा.

तो साक्षीदार योगायोगाने सापडला. १९७८ मध्ये निंबस-७ उपग्रहावर ओझोन मोजण्यासाठी ‘टॉम्स’ हे उपकरण गेले. १९८२ मध्ये मेक्सिकोतील एल चिचोन ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याच उपकरणाला सल्फर डायऑक्साइडचा ढग दिसला. प्रत्येक वायू सूर्यप्रकाशातील ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. परतलेल्या प्रकाशात काय उणे आहे ते पाहिले की वायू ओळखता येतो.

१९९५ मध्ये ‘गोम’ आले. त्याचा एक ठिपका ४० बाय ३२० किलोमीटरचा, आणि लांबी पूर्व-पश्चिम. म्हणजे परळी, बिलोली आणि रामगुंडम एकाच ठिपक्यात मावावीत! २००४ च्या ‘ओमी’ने तो १३ बाय २४ वर आणला. २०१७ मध्ये गेलेल्या ‘ट्रोपोमी’चा ठिपका आज ५.५ बाय ३.५ किलोमीटर आहे. आता धुराची शेपटी वेगळी दिसते.

पण दिसणे म्हणजे मोजणे नव्हे. गळका रांजण डोळ्यांपुढे आणा. पातळी स्थिर असेल, तर जितके गळते तितकेच वरून पडते आहे. समजा शेपटीत २० टन वायू आहे आणि तो सरासरी चार तास टिकतो. तर धुराडे ताशी पाच टन सोडते आहे. टिकाव कसा कळणार? वाऱ्याबरोबर दूर जाताना वायू किती झपाट्याने विरळ होतो, त्यावरून. माइन्झच्या स्टेफेन बायर्ले व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये रियाधसारख्या शहरांवर हे करून दाखवले. २०१३ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममधील सचिन घुडे व सहकाऱ्यांनी ओमीच्या निरीक्षणांना हवामान-प्रारूपाची जोड देऊन भारतातील नायट्रोजन ऑक्साइडांचा अंदाज मांडला. मराठवाड्याच्या भाषेत ही नजरअंदाज पैसेवारीच. फक्त पाहणी करणारा आकाशात आहे आणि तो गावपुढाऱ्याला भीत नाही.

या पाहणीने काय सांगितले? २००५ ते २०१२ या काळात भारतीय वीजकेंद्रांचा सल्फर डायऑक्साइड ७१ टक्क्यांनी वाढला. २०१७ चा निष्कर्ष असा की २००७ नंतर चीनमध्ये तो ७५ टक्क्यांनी घटला, भारतात ५० टक्क्यांनी वाढला. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ठरल्या, मुदत दोन वर्षांची होती. ती पुनःपुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट मिळाली. माझ्या मते, अशा वेळी वरच्या साक्षीदाराचे मोल वाढतेच.

त्याच्या साक्षीत उणीव आहे. ट्रोपोमी दुपारी दीडच्या सुमारास येतो. रात्रीचे त्याला ठाऊक नाही. शिवाय परळीचा वारा बिलोलीकडे वाहतो त्याच महिन्यांत ढग त्याचे डोळे झाकतात.

एक तपशील मात्र हाताशी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळाने पाणी संपले आणि परळीचे केंद्र बंद पडले. धुराडे थंड, आकाश निरभ्र. चालू आणि बंद दिवसांतील फरक म्हणजेच परळीचा वाटा. ओमीची त्या काळातील निरीक्षणे सर्वांना मोफत खुली आहेत. नांदेड-लातूरच्या कुणा विद्यार्थ्याने ती काढून पाहावीत.