अकबराचे तीन पुत्र

मनुष्य आपल्याच हातानें आपला नाश कां करून घेतो, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचीं उत्तरेंहि तितकींच जुनीं आहेत. कोणी अज्ञानाला दोष देतो, कोणी कुसंगतीला. आणि ज्याला विचाराचाच कंटाळा, तो कपाळाकडे बोट दाखवून मोकळा होतो. यांपैकीं अज्ञानाचें उत्तर सुशिक्षितांना विशेष आवडतें. विषाला विष म्हणून ओळखलें कीं मनुष्य तें टाकून देईल, अशी आपली समजूत असते. परंतु ही समजूत इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हें पाहण्यासारखें आहे. त्यासाठीं आम्ही वाचकांपुढें मोगल घराण्यांतील तीन भावांचें उदाहरण ठेवतों. पिता एक, वैभव एक, व्यसनहि एकच. शेवट मात्र तिघांचा सारखा झाला नाहीं.

अकबर बादशहाचे तीन पुत्र वयांत आले. सलीमचा जन्म 1569 मधला, मुरादचा 1570 मधला आणि दानियालचा 1572 मधला. पिता असामान्य कर्तृत्वाचा. वडील मुलानेंच गादीवर बसावें असा निर्बंध त्या घराण्यांत नव्हता, आणि सिंहासन न लाभलेल्या राजपुत्राची धडगत नसे. ‘तख्त किंवा ताबूत’ ही म्हण त्या राजकुळाच्या रीतीवरूनच पडली. पिता जिवंत आहे तोंवर मुलांनीं मोठमोठ्या मनसबी भोगाव्यात, सैन्याचें आधिपत्य नांवाला करावें, आणि खरा कारभार मुरब्बी सरदारांच्या सल्ल्यानें चालवावा, असें त्यांचें आयुष्य होतें. मान अपार आणि सत्ता अपुरी, अशा स्थितींत या तिघांचें तारुण्य गेलें.

मुरादची कहाणी आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच संपली. 1595 च्या अखेरीस त्यानें अहमदनगरास वेढा दिला. चांदबिबीनें किल्ला असा झुंजविला कीं, पुढच्या वर्षीं वऱ्हाड घेऊन तह करणें मोगलांना भाग पडलें. खानखानान अब्दुर्रहीम आणि मुराद यांचें पटत नसे. दोघांच्या वैमनस्यांत मोहीम रेंगाळली. मुरादनें वऱ्हाडांत बाळापूरजवळ शहापूर वसवून तेथें मुक्काम केला. 1597 मध्यें त्याचा मुलगा रुस्तुम लहान वयांत वारला. आधींच जडलेलें मद्यपान या दुःखानंतर अनावर झालें. 1599 मध्यें अकबरानें अबुल फजल याला त्यास परत आणण्यासाठीं पाठविलें. पण तो पोंचतो न पोंचतो तोंच जालन्याच्या बाजूस पूर्णा नदीच्या कांठीं मुरादचा अंत झाला. त्या वेळीं त्याला तिसावें वर्षहि लागलें नव्हतें.

त्याच्या जागीं दानियाल आला. थोरल्या भावाचा शेवट त्याच्या डोळ्यांसमोर ताजा होता. 1600 मध्यें अहमदनगर पडलें. खानदेश जिंकल्यावर त्या प्रांताला दानियालच्या नांवावरून ‘दानदेश’ असें नांव देण्यांत आलें. एवढा गौरव पदरीं असून बऱ्हाणपुरास राहणारा हा राजपुत्र मद्यांत बुडाला. अकबरानें नाना प्रकारें समजाविलें. शेवटीं बादशहाच्या आज्ञेवरून खानखानान यानें, जो दानियालचा सासराहि होता, त्याच्याभोंवतीं पहारे बसविले. तेव्हां दानियालनें आपल्या सेवकांची विनवणी केली. त्याला शिकारीचा नाद असे, आणि आपल्या एका आवडत्या बंदुकीचें नांव त्यानें स्वतःच ‘यक्का ओ जनाजा’, म्हणजे जिचा नेम आणि तिरडी एकच, असें ठेवलें होतें. त्याच बंदुकीच्या नळींत दोनदां गाळलेली तीव्र दारू भरून एका सेवकानें ती आंत नेली. नळींतील दारूगोळ्याची घाण आणि गंज त्या दारूंत उतरला. ती पितांच राजपुत्र अंथरुणाला खिळला आणि 1605 मध्यें तेहतिसाव्या वर्षांत मरण पावला.

येथें अज्ञान कोठें आहे? भावाचें मरण पाहिलेला, पित्याची पत्रें वाचलेला, आपल्या बंदुकीला तिरडीचें नांव देण्याइतका मार्मिक असा हा पुरुष आपण काय पीत आहों हें जाणत नव्हता असें कोण म्हणेल? जाणणें आणि आवरणें या दोन निराळ्या शक्ति आहेत. आणि आत्मनाशाच्या बहुतेक प्रकरणांत पहिली शाबूत असतांनाच दुसरी खचलेली असते.

ती कशी खचत जाते याचा वृत्तान्त तिसऱ्या भावानें स्वतःच लिहून ठेवला आहे. सलीम पुढें जहांगीर म्हणून गादीवर बसला, आणि त्यानें आपल्या आठवणींच्या ग्रंथांत स्वतःच्या व्यसनाचा हिशेब एखाद्या वाण्याच्या चोखपणानें दिला आहे. अठराव्या वर्षाच्या सुमारास सिंधुतीरीं अटकेजवळ छावणी असतां तो शिकारीहून थकून आला. एका गोलंदाजानें सुचविलें कीं, एक पेला घेतल्यास शीण जाईल. हकिमाच्या घरून पिवळसर, गोड मद्याचा दीड पेला आला. तो त्याला आवडला. पुढें द्राक्षाच्या मद्यानें नशा येईना, म्हणून गाळीव अर्क सुरू झाला. नऊ वर्षांत दिवसा चौदा आणि रात्रीं सहा, असे दोनदां गाळलेल्या अर्काचे वीस पेले होऊं लागले. अन्न जवळजवळ सुटलें. हात इतका कांपे कीं पेला दुसऱ्यानें तोंडाशीं धरावा लागे. या वृत्तान्तांत शत्रूनें पाजलेला असा एकहि पेला नाहीं. पहिला आला तो शिणलेल्या मुलाविषयींच्या ममतेनें. पुढचे पेले सुखासाठीं असतील. पण शेवटचे निव्वळ कंप थांबविण्यासाठीं होते. आजचें वैद्यकशास्त्रहि हेंच सांगतें कीं, शरीराला सवय जडल्यावर मनुष्य सुखासाठीं पीत नाहीं, न पिण्याचें दुःख टाळण्यासाठीं पितो. आणि अशा शरीराचें मद्य एकाएकीं तोडणें हें वैद्याच्या देखरेखीवांचून धोक्याचें असतें.

मग जहांगीर वांचला कसा? त्यानें हकीम हुमाम याला बोलाविलें. हकिमानें नीतीचें प्रवचन केलें नाहीं. असेंच चालल्यास सहा महिन्यांत उपाय उरणार नाहीं, एवढें स्पष्ट सांगितलें. जीव प्रिय असल्यामुळें तें बोलणें आपल्या मनावर ठसलें, असें जहांगीर म्हणतो. त्यानें प्रमाण थोडें थोडें उतरवीत सात वर्षांत सहा पेल्यांवर आणलें आणि अर्काची तीव्रता मद्य मिसळून कमी केली.

आमच्या मतें या तीन चरित्रांतील भेद येथें आहे. दानियालच्या भोंवतीं पहारा होता. त्यामुळें त्याची सारी बुद्धि पहारा चुकविण्यांत खर्च झाली, आणि त्याच्यावर माया करणारे सेवकच त्याचे मारेकरी ठरले. मुरादला सावरावयास मनुष्य निघाला, पण पुत्रशोकानें आणि अपयशानें त्याची जगण्याची इच्छाच ओसरल्यावर. सलीमनें हकिमाला आपण होऊन विचारलें. त्याला सिंहासनाची आशा होती, म्हणून उद्यांचा दिवस त्याला हवा होता. ज्याला उद्यां नको आहे, त्याला उद्यांची भीति घालून काय उपयोग? आपल्या घरांतूनहि असा एखादा जीव बुडूं लागला म्हणजे आपण कपाटांना कुलपें लावतों, गळ्याच्या शपथा घालतों, लग्न करून देतों. त्याला उद्यां कशासाठीं हवा आहे, हें मात्र क्वचितच विचारतों.

जहांगीरचा हा विजय पुरा होता असें मात्र कोणी समजूं नये. अफूची जोड त्याला जन्मभर लागली. गादीवर बसतांच त्यानें राज्यांत मद्य गाळण्यास आणि विकण्यास बंदी केली, आणि आपण स्वतः पितों हें त्याच ग्रंथांत नमूद केलें. याहून चमत्कारिक गोष्ट 1616 मधली. शहाजादा खुर्रम चोविसाव्या वर्षापर्यंत मद्याला शिवला नव्हता. त्याच्या तुलेच्या समारंभांत याच पित्यानें राजपुत्रांना मद्य वर्ज्य नसतें असें सांगून, मोठ्या मिनतवारीनें त्याला पहिला पेला घ्यावयास लाविलें. दुसरा मुलगा परवीझ 1626 मध्यें मद्यपानानेंच मेला, आणि तोहि बऱ्हाणपुरास, जेथें त्याच्या चुलत्याचा अंत झाला होता. ममतेनें पुढें केलेला पेला असा पिढ्यांमागून पिढ्या हातोहात फिरत राहिला.

खुर्रमनें मात्र दक्षिणेच्या दुसऱ्या स्वारीवर जातांना चंबळेच्या कांठीं मद्य नदींत ओतून पात्रें फोडून टाकलीं. त्याचा खापरपणजा बाबर यानें 1527 मध्यें खानव्याच्या लढाईपूर्वीं असेंच केलें होतें. दोघांच्याहि पुढें त्या वेळीं एक मोठें कार्य उभें होतें, आणि तें करण्यासाठीं त्यांना शुद्धीवर राहणें भाग होतें. उपदेशानें किंवा पहाऱ्यानें जें साधलें नाहीं तें या गरजेनें साधलें. आत्मनाशाकडे निघालेल्या मनुष्याचा हात धरूं पाहणाऱ्यांनीं प्रथम त्याच्यासाठीं असें कांहींतरी शोधावें कीं, ज्याकरितां तो हात त्याला स्वतःलाच रिकामा हवा असेल.