बोट बंदरास लागली म्हणजे

धारणी हें गांव समुद्रापासून किती दूर आहे, हें वऱ्हाडांत कोणास सांगावयास नको. मेळघाटाच्या डोंगरांत वसलेल्या या गांवाचा समुद्राशीं जो काय संबंध आहे तो नदीच्या वाटेनें. सिपना, गडगा, खापरा, डोलार या साऱ्या नद्या तापीस मिळतात, आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्रांत शिरते. मेळघाटचें पाणी अशा रीतीनें अनादि काळापासून समुद्राकडे जात आलें आहे. माणसें मात्र फार उशिरां गेलीं.

हल्लीं वऱ्हाडांतलीं कांहीं कुटुंबें सहलीच्या बोटींतून थेट कॅरिबियन बेटांकडे जाऊं लागलीं आहेत. बोट एकेका बंदरांत सहा-आठ तास थांबते. तेवढ्या वेळांत किनाऱ्यावर उतरून काय पाहावें, काय करावें, असें हे लोक विचारतात. प्रश्न नवा वाटतो खरा, पण मराठी उतारूंस तो शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच एडन आणि पोर्ट सैद या बंदरांत पडला होता. त्यांच्या त्या चार तासांची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम बोट थांबे कां, तें पाहूं. उतारूंची हौस पुरवावी म्हणून ती थांबत नसे. तिला कोळसा हवा असे. आगबोटीच्या पोटांतील भट्ट्या अखंड पेटत्या ठेवावयाच्या, तर वाटेंत ठिकठिकाणीं कोळशाचे साठे असणें भाग होतें. इंग्रजांनीं जानेवारी १८३९ मध्यें एडन घेतलें त्यांत हा एक मोठा हेतु होता. कॅरिबियन समुद्रांतील सेंट थॉमस बेटाचीहि तीच कथा. आज तेथें सहलीच्या बोटींची रीघ लागते. एके काळीं त्याच धक्क्यावर बायका डोक्यावर कोळशाच्या टोपल्या घेऊन बोटी भरीत. उतारूंची सहल ही या कोळशाच्या कामांतून उरलेली फुरसत होय.

वऱ्हाडांतून या वाटेनें आधीं गेला तो कापूस. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांचें लक्ष आपल्या काळ्या जमिनीकडे वळलें. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला, आणि पुढच्याच वर्षीं खामगांवच्या कापूसबाजारापर्यंत आगगाडीचा फांटा पोंचला. गांठींना प्रायश्चित्ताची भीति नव्हती. माणसांना ती होती. समुद्रयान कलिवर्ज्य मानलेलें, आणि बोटीवरील अन्नपाण्याचा विटाळ त्याहून मोठा. शिवाय बोट लागण्याचें भय निराळेंच! (बोट लागणें आणि बोट बंदरास लागणें यांत किती अंतर आहे, तें ज्यानें दोन्ही अनुभवलें त्यालाच ठाऊक.)

मुंबईहून निघाल्यावर पहिली भूमि दिसे ती एडनची. काळेकरडे, उघडेबोडके डोंगर. झाडाचें नांव नाहीं. बोट स्टीमर पॉइंटपाशीं नांगर टाकी आणि उतारू लहान होड्यांतून धक्क्यावर जात. तेथून घोडागाडी करून, ज्वालामुखीच्या जुन्या मुखांत वसलेल्या मूळ शहराकडे जावयाचें आणि पाण्याचे प्राचीन हौद पाहावयाचे, हा ठरलेला कार्यक्रम असे. डोंगराच्या घळींत बांधलेले हे हौद गाळानें बुजून गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते उपसण्यांत आले. पाऊस इतका तुरळक कीं हौद बहुधा कोरडेच असत. तरी पाण्याच्या एकेका थेंबासाठीं माणसानें केलेली ही खटपट वऱ्हाडांतील माणसानें अवश्य पाहण्यासारखी होती. उन्हाळ्यांत विहिरी आटतात म्हणजे काय होतें, हें त्याला कोणीं शिकवावयास नको.

दुसरी करमणूक मला तितकीशी रुचत नाहीं. सोमाली पोरें बोटीभोवतीं पोहत, आणि उतारू वरून नाणीं फेंकीत; पोरें बुडी मारून तीं वर काढीत. पोरांचें कौशल्य थोर खरें, पण कठड्यावरच्या हंशांत कौतुकापेक्षां तुच्छताच अधिक असावी.

मराठी उतारूंच्या दृष्टीनें एडनांतील सर्वांत मोलाचें काम निराळेंच होतें. तें म्हणजे घरीं पत्र टाकणें. एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याकडे होता. तेथें रुपया चाले, टपालाचीं तिकिटेंहि हिंदुस्थानचींच. आठवडाभर पाण्याखेरीज कांहीं न पाहिलेल्या माणसास परमुलखांत ओळखीचें तिकीट मिळे, हा धीर लहान नव्हे.

पण याच एडनांत उतरलेला एक मराठी माणूस पत्र टाकावयास मोकळा नव्हता. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेच्या शिक्षेवर १८८० मध्यें तेथील तुरुंगांत आणलें. त्यांनीं तुरुंगाचें दार निखळवून पलायन केलें, पण लवकरच ते पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, एप्रिल १८८३ मध्यें मुंबईहून निघालेल्या पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मुलीसह याच वाटेनें इंग्लंडास गेल्या, आणि त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं मराठींत लिहिली. त्याच महिन्यांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. एक वाट, एक वर्ष. कोणाला तिनें जग उघडून दिलें, कोणाला कोंडून टाकलें.

पुढें सुएझ. १८८७ पासून विजेच्या झोताच्या उजेडांत रात्रींहि कालव्यांतून बोटी जाऊं लागल्या. बोट कालवा ओलांडीपर्यंत सुएझला उतरून कैरो गांठावयाचें, पिरॅमिड पाहावयाचे आणि पोर्ट सैदला पुन्हां बोट पकडावयाची, अशी धांवती सहल पुढें रूढ झाली. आजच्या सहलकंपन्यांची युक्ति तीच आहे. ज्यांस तें परवडत नसे ते पोर्ट सैदला उतरत. कारण बोटीवर थांबणें म्हणजे कोळशाची भुकटी खाणें. मजुरांच्या रांगा फळ्यांवरून टोपल्या वाहत, खिडक्या गच्च बंद कराव्या लागत, आणि आंत जीव गुदमरे. गांवांत हातचलाखीवाले अंगरख्यांतून कोंबडीचीं पिलें काढून दाखवीत, आणि कालव्याचा जनक द लेसेप्स याचा १८९९ मध्यें उभारलेला पुतळा बंदराच्या तोंडाशीं उभा असे. १९५६ मध्यें ईजिप्शियन लोकांनीं तो उडवून दिला.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ऑगस्ट १९०८ मध्यें लोकमान्यांच्या अपिलासाठीं विलायतेस गेले. ते तेथें असतांनाच ८ जुलै १९१० रोजीं मार्सेलिस बंदरांत ‘मोरिया’ बोटीवरून सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना लाभलेला वेळ मिनिटांत मोजावा इतकाच. पण तेवढ्यावरून हेग येथें आंतरराष्ट्रीय लवाद बसला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजीं त्यानें इंग्लंडच्या बाजूनें निकाल दिला. किनाऱ्यावरच्या मुक्कामाविषयीं इतका मोठा खल दुसऱ्या कोणत्या मराठी उतारूच्या वांट्यास आला नसेल.

पुढें वर्दळ वाढली. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्यें शिक्षणासाठीं इंग्लंडास गेले, आणि १९३६ मध्यें अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळ दाखवावयास गेलें. प्रायश्चित्ताची बात तोंवर मागें पडली होती.

त्याच्या दुसऱ्या वर्षीं, १ एप्रिल १९३७ रोजीं, एडन हिंदुस्थानापासून वेगळें झालें आणि त्याचीं स्वतःचीं टपालतिकिटें निघालीं. तिकिटावर चित्र होतें शिडाच्या अरबी गलबताचें. किंमत मात्र आणे-रुपयांतच छापलेली होती.