अठ्ठेचाळीस सामने, सगळे १-१

२०२२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी आमच्या लॅबमध्ये अंदाजांची स्पर्धा लागली होती. पैसेबिसे काही नाही. अचूक स्कोअर सांगितला तर ३ गुण, नुसता निकाल बरोबर आला तर १, आणि शेवटच्या नंबराने सगळ्यांना चहा-भजी द्यायची. मी गटसाखळीच्या ४८ही सामन्यांसमोर एकच स्कोअर लिहिला: १-१.

आळस नव्हता हो, गणित होतं. २०१८च्या स्पर्धेत ६४ सामन्यांत १६९ गोल झाले होते, म्हणजे एका संघाचे सामन्याला साधारण १.३. ही सरासरी प्वासाँच्या सूत्रात घातली (वर्गात आपण ज्याला ‘पॉयसन’ म्हणायचो तोच) की सगळ्यात जास्त शक्यता १-१ची निघते. तेवढ्यावर मी निवांत होते.

तीन सामने खरंच १-१ सुटले. आणखी सात बरोबरीत गेले. एकूण १६ गुण आणि भजीचं बिल माझ्या नावावर. पहिला आला तो कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत वाढलेला. स्पेनने कोस्टारिकाला ७-० हरवलं त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “अगं, तुला ह्या दोन टीम एकसारख्याच दिसतात होय?”

हा प्रश्न मला तेव्हा टोमणा वाटला. नंतर कळलं की संख्याशास्त्रात यावर बरीच वर्षं डोकेफोड झालेली आहे. तीच गोष्ट आज सांगते.

सुरुवात घोड्यांपासून होते. १८९८ साली बोर्टकिएविच या अर्थशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यातली एक नोंद वापरली: घोड्याची लाथ बसून मेलेले सैनिक. १० पलटणी, २० वर्षं, म्हणजे २०० ओळी. मृत्यू एकूण १२२. १०९ ओळींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, एकीत चार. प्वासाँचं सूत्र सांगतं: साधारण १०९, ६६, २०, ४ आणि १ पेक्षा कमी. इतकं जुळल्यावर कुणालाही वाटणार की यात कुणाचा दोष नाही, नुसता योगायोग आहे.

आता फुटबॉल. चार्ल्स रीप हा ब्रिटिश हवाईदलातला हिशेब सांभाळणारा अधिकारी. १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर मॅच बघताना त्याने वही काढली आणि प्रत्येक चढाई टिपायला लागला. पुढे वर्षानुवर्षं तेच. १९६८ मध्ये त्याने बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर शोधनिबंध छापला. आकडे प्वासाँच्याच एका सैल भावंडाशी छान जुळत होते, आणि निष्कर्ष असा की या खेळावर योगायोगाचं राज्य आहे.

मला विचाराल तर गडबड इथेच झाली. ते सैल भावंड दोन वाटांनी तयार होऊ शकतं. एक गोल दुसऱ्याला ओढून आणत असेल तरी, आणि वेगवेगळ्या ताकदीचे संघ एकाच पोत्यात ओतले तरी. वक्र जुळला यावरून कोणती वाट खरी ते कळतच नाही!

उत्तर आलं ते चक्क अंदाजांच्या कागदावरून. १९७४ मध्ये हिल या संख्याशास्त्रज्ञाने साधा प्रश्न विचारला: सगळं नशीबच असेल, तर हंगामाआधी जाणकारांनी सांगितलेला संघांचा क्रम शेवटच्या गुणतक्त्याशी जुळायला नको. तो जुळत होता. पूर्ण नाही, पण योगायोगाने जुळेल त्यापेक्षा नक्कीच जास्त. मग १९८२ मध्ये माहर यांनी प्रत्येक संघाला चढाई आणि बचाव यांचे वेगळे आकडे दिले, आणि साधा प्वासाँ पुन्हा बऱ्यापैकी बसला. माझ्या कोल्हापूरकराने वहीत केलं होतं ते साधारण हेच, फक्त त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं.

विज्ञान दिनाला शाळेची मुलं लॅब बघायला आली तेव्हा हेच आम्ही लेगोच्या ठोकळ्यांनी मांडलं. (कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेत सर्नच्या ॲटलास यंत्राचं सुमारे साडेनऊ हजार ठोकळ्यांचं मॉडेल झालं होतं; आमची ऐपत ४८ ची.) एक सामना म्हणजे एक ठोकळा, आणि जितके गोल त्या क्रमांकाच्या खांबावर तो ठेवायचा. शून्यापासून: ६, ९, १४, ९, १, ५, २, १, १. एकूण गोल १२०, सरासरी बरोबर २.५. मागे पुठ्ठ्यावर प्वासाँचा वक्र.

सातवीतल्या एका मुलीने लगेच बोट ठेवलं, “चारचा खांब पडला का?” पडला नव्हता. चार गोलांचा सामना एकच झाला, कतार-सेनेगल १-३. वक्र तिथे सहा मागतो. इतका बुटका खांब येण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. पण नऊ खांब असताना कुठला तरी एक रुसणं फार नवलाचं नाही. तिला हे पटलं नाही. एकाने सुचवलं की बाद फेरीचे सामने मिसळू, खड्डा जरा बुजेल. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण त्यात जादा वेळेचे गोल येतात, म्हणून नाही मिसळले.

त्याच आठवड्यात माझा प्रबंधाचा तिसरा भाग गाइडकडून परत आला होता. आमच्या शोधयंत्रात क्वचित उमटणाऱ्या ठिपक्यांचे तासागणिक आकडे प्वासाँला सुंदर जुळले होते, आणि मी लिहिलं होतं, “यावरून स्रोत एकच असल्याचे सिद्ध होते.” ‘सिद्ध’खाली लाल रेघ. आधी रागच आला. मग रात्री दिवसाचे आणि रात्रीचे ठिपके वेगळे काढले. सरासऱ्या सारख्या नव्हत्या. फरक इतका लहान होता की एकत्र केल्यावर वक्राला त्याचा पत्ताही लागत नव्हता. तो भाग मी पुन्हा लिहिला; चार महिने गेले.

२०२६च्या विश्वचषकात ४८ संघ आहेत, नुसत्या गटसाखळीचेच ७२ सामने. कोल्हापूरकराने आत्ताच बजावलंय की सगळीकडे एकच स्कोअर लिहिणाऱ्याला प्रवेश नाही. आणि आम्हाला अजून २४ ठोकळे लागणार आहेत.